चवथ सरली, पोट बिघडलं: औषध लागू पडलं हे ठरवायचं कसं?

खांडेपारकाठ (फोंडा)

चवथीच्या नेवऱ्या, मोदक, खतखतें आणि वर शेजारच्या घरचं ताट असं चार-पाच दिवस चाललं की आमच्या वाड्यावर पोटाची चर्चा सुरू होते. कुणी सोलांचं पाणी सांगतं, कुणी ओवा-सैंधव, कुणी हिंग घातलेलं ताक, आणि ज्यांची मुलं मुंबईला आहेत ते अनशापोटी घ्यायची, आम्ल कमी करणारी 'आम्लाची गोळी'. गंमत अशी की सगळ्यांचंच औषध लागू पडतं. आठवड्याने विचारा, प्रत्येक जण छातीठोकपणे सांगेल, 'माझं त्यानंच बरं झालं.'

मी वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. तिथे गोळीतलं औषध मोजण्याआधी ब्लँक लावावा लागतो. म्हणजे द्रावण तेच, भांडं तेच, यंत्र तेच, फक्त नमुना घालायचा नाही. ब्लँकचं रीडिंग वजा न करता आकडा लिहिला तर कागद तोंडावर परत येतो. पोटाच्या औषधांबद्दल माझा प्रश्न तेवढाच आहे: ब्लँक कुठे आहे?

पोटाच्या बाबतीत तो जास्तच लागतो, कारण पोट आपलं आपण बरं होतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्या येतात. साधे जुलाब बहुतेकांचे काही न करता थांबतात. आणि आपण औषध घेतो केव्हा? त्रास अगदी शिगेला पोचला की. तो पुढे उतरणारच, मग गोळी घ्या नाहीतर देवाला गाऱ्हाणं घाला.

हा ब्लँक केवढा मोठा असतो त्याचं एक उदाहरण देतो. २०१० साली हार्वर्डच्या टेड कॅपचक यांच्या गटाने इरिटेबल बॉवेलचे ८० रुग्ण घेतले. हे म्हणजे सगळ्या तपासण्या ठीक, पण पोट दुखतंय, कधी जुलाब तर कधी चार-चार दिवस काहीच नाही. काहींना गोळ्या दिल्या आणि तोंडावर सांगितलं की यात औषध नाही, नुसती लुटुपुटूची गोळी आहे. बाकीच्यांना गोळीच नाही, पण भेटणं-बोलणं तेवढंच. तीन आठवड्यांनी गोळीवाल्यांतले ५९ टक्के म्हणाले पुरेसा आराम आहे. बिनगोळीवाल्यांतले ३५ टक्के. तो ३५ चा आकडा पुन्हा वाचा. काहीही न देता.

तेव्हा या धाग्यावर पोटावर झालेले असे प्रयोग लिहूया, ज्यांनी 'हे तर सगळ्यांनाच माहीत आहे' ते उलटं केलं किंवा पक्कं केलं. घरगुती उपायांची यादी नको, तिचे धागे ढिगानं आहेत.

शेवंती (म्हापसा)

आमच्या आजीच्या तिवळीला (सोलांच्या पाण्याला) तुम्ही ब्लँक लावणार? लावा बापडे. ती असती तर तुम्हालाच आधी एक पेला पाजला असता.

पण एक खरंच विचारायचं आहे. सासऱ्यांना गेल्या महिन्यात दुर्बिणीत (एंडोस्कोपीत) अल्सर निघाला. तेव्हापासून सासूबाईंनी त्यांचं हुमण (माशाची तिखट आमटी) बंद केलंय, नुसतं शीत आणि मुगाचं वरण. तिखट खाऊन अल्सर होतो हे तरी सगळ्यांना माहीत असलेलं खरं आहे ना? घरात वातावरण हुमणापेक्षा तिखट झालंय.

खांडेपारकाठ (फोंडा)

शेवंतीबाय, याचा प्रयोग आपल्याच देशात झालाय. १९८४ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी ड्युओडेनल अल्सरचे, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या अल्सरचे, ५० रुग्ण घेतले. सगळ्यांना रुग्णालयाचं नेहमीचं जेवण आणि अँटासिड. त्यातल्या २५ जणांना वर रोज ३ ग्रॅम लाल मिरचीची पूड. चार आठवड्यांनी दुर्बीण घातली तर दोन्हीकडे ८० टक्क्यांहून जास्त जणांचे अल्सर भरलेले. मिरचीने बरं झालं नाही आणि अडलंही नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलात छापून आलंय. तिखटाने आग होते, जुनं जळजळीचं दुखणं असेल तर त्रास वाढतो, ते वेगळं. जखम तिखटाने होत नाही.

तिवळीचं म्हणाल तर कोकमाच्या सालीतला गार्सिनॉल उंदरांना दिला तेव्हा वेदनाशामक औषधाने होणारी जठराची इजा कमी झाली, असा २००० सालचा जपानी प्रयोग आहे. उंदरांवर. आजीच्या पेल्यात किती गार्सिनॉल उतरतं आणि ते माणसाला पुरतं का, तो पुढचा प्रश्न. चवीसाठी प्यायला कोण अडवतंय!

डिचोलीचा दामू

अल्सर म्हटलं की जंतू पिणारा डॉक्टर आलाच पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा बॅरी मार्शल. जठरात एवढं आम्ल, तिथे जंतू राहूच शकत नाही, असं तेव्हा जगातले सगळे मोठे डॉक्टर सांगत. अल्सर म्हणजे काळजी, सिगरेट आणि तिखट. तिथलेच पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना मात्र सुजलेल्या जठराच्या तुकड्यांत मळसूत्रासारखे वाकडे जंतू दिसत होते. ते बशीत वाढवायला गेलं की वाढत नसत, कारण प्रयोगशाळा दोन दिवसांत बश्या टाकून द्यायची. १९८२ च्या ईस्टरला लांबलचक सुट्टी आली, बश्या तशाच उबवण-कपाटात राहिल्या आणि जंतू उगवले! आपल्याकडे कार्निव्हालच्या सुट्टीत असा शोध लागायला हरकत नव्हती.

मग १९८४ मध्ये मार्शलने आधी स्वतःची दुर्बीण करून जठर चांगलं असल्याची खात्री केली आणि जंतूंचं पाणी घटाघटा प्यायला. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास. पुन्हा दुर्बीण केली तर जठर सुजलेलं आणि जंतू ठाण मांडून बसलेले. २००५ साली दोघांना नोबेल. आणखी काय पुरावा पाहिजे?

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, नाव-गाव नको. दामूभाऊ, गोष्ट फक्कड सांगितलीत, पण धागा काढणाऱ्याचा प्रश्न तुम्हालाही लागू आहे. माणूस एक, ब्लँक शून्य. शिवाय मार्शलना सूज आली, अल्सर झालाच नाही. तेवढ्याने कुठलाही शहाणा डॉक्टर औषध बदलणार नाही, आणि बदललंही नाही. घोट पिण्याची बातमी झाली. पुरावा आला तो नंतर, आणि तो रटाळ आहे, म्हणून कुणी सांगत नाही.

१९८८ साली मार्शल आणि सहकाऱ्यांनी अल्सर आणि जंतू दोन्ही असलेले १०० रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. कुणाला सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारं, कुणाला बिस्मथ हे जंतूवर चालणारं, आणि सोबत टिनिडॅझोल हे अँटिबायोटिक नाहीतर तशीच दिसणारी खोटी गोळी. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नाही आणि दुर्बीण करणाऱ्यालाही नाही. ज्यांच्या पोटातला जंतू गेला त्यांच्यातल्या ९२ टक्क्यांचे अल्सर भरले, राहिला त्यांच्यातल्या ६१ टक्क्यांचे. खरी मेख पुढे आहे. वर्षभरात अल्सर परत आला का? जंतू गेलेल्यांत २१ टक्के, राहिलेल्यांत ८४ टक्के.

म्हणजे जंतू असतानाही साठ टक्के जखमा भरतातच. आधीची सगळी वर्षं डॉक्टर तेच बघून खूश होते, 'भरला की!' आणि रुग्ण दर पावसाळ्यात परत यायचा. बरा झाला का, एवढंच विचारलं तर उत्तर 'हो' येतं. किती दिवस बरा राहिला हे विचारायला हवं होतं.

शेवंतीताई, सासऱ्यांबद्दल दोन गोष्टी विचारते. गुडघ्या-कंबरेसाठी दुखण्याच्या गोळ्या घेतात का? आणि दुर्बिणीच्या रिपोर्टात खाली कुठे 'आरयूटी' असं लिहिलंय का?

आघाडा (साखळी)

बहुतेक उदाहरणं साहेबांच्या देशातली. हळदीवर झालेला प्रयोग कुणी लिहिला नाही, म्हणून मी लिहितो. २०२३ मध्ये थायलंडमध्ये अपचनाच्या दोनशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला हळदीतलं कर्क्युमिन, दुसऱ्याला ओमेप्राझोल ही आम्लाची गोळी, तिसऱ्याला दोन्ही. महिन्याने तिन्ही गटांना सारखाच आराम. म्हणजे आमची हळद तुमच्या गोळीच्या तोडीची. हे आम्ही किती पिढ्यांपासून सांगतोय!

खांडेपारकाठ (फोंडा)

ती चाचणी मी वाचली आहे. नीट केलेली आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली, आणि तिचं मोल मला मान्य आहे. पण तिन्ही गटांना काही ना काही औषध होतं. खोट्या गोळीचा चौथा गट नव्हता. दुर्बिणीत काही न दिसणाऱ्या अपचनात नुसत्या लुटुपुटूच्या गोळीनेही पुष्कळांना बरं वाटतं. मग तिन्ही गट सारखे आले याचे दोन अर्थ निघतात. एक, हळद ओमेप्राझोलइतकी चांगली. दोन, या रुग्णांत ओमेप्राझोलही फारसं काही करत नव्हतं आणि सगळे आपोआप सुधारले. यातला कुठला खरा, ते त्या चाचणीवरून कळायला मार्ग नाही. दुसरा अर्थ निघाला तर अडचण हळदीपेक्षा माझ्या कारखान्याला जास्त आहे, हेही सांगून ठेवतो.

आघाडा (साखळी)

अडचण तुमच्या कारखान्याला होणार नाही, कारण चौथा गट लावून मोठी चाचणी करायला पैसा लागतो आणि हळदीचं पेटंट कुणाला मिळत नाही. ज्या वस्तूतून कुणी श्रीमंत होत नाही तिला ब्लँक कोण लावणार? 'पुरावा नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'कुणी शोधला नाही' एवढाच असतो. शिवाय वैद्य सगळ्यांना एकच मात्रा देत नाही, माणूस बघून देतो. तुमच्या ८० जणांच्या गटात ती प्रकृती बसवा पाहू.

खांडेपारकाठ (फोंडा)

पैशाचा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणूनच तर पुढे जुलाबात देतात त्या मीठ-साखरेच्या पाण्याची गोष्ट यायला हवी, ज्यात कुणीच श्रीमंत झालं नाही. प्रकृतीचं मात्र बसवता येतं. वैद्याला हवं ते देऊ द्या, फक्त निम्म्यांच्या पुडीत औषध आहे आणि निम्म्यांच्या पुडीत नाही हे वैद्यालाही कळू द्यायचं नाही. वैद्य तयार होतील का, ते तुम्हीच विचारा.

जुनें गोंय

मीठ-साखरेच्या आधी चारशे वर्षं मागे या, तेही आपल्याच गावात. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव आहे तो पोर्तुगीज डॉक्टर गार्सिया द ओर्ता १५३४ ला गोव्यात आला. १५६३ ला त्याचं औषधांवरचं संवादरूप पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. त्यात पटकीचं (कॉलऱ्याचं) वर्णन आहे: खोल गेलेले डोळे, हाताला न लागणारी नाडी, थंडगार अंग, पायात गोळे. इथले लोक त्याला मोडशी म्हणतात हेही त्याने आपल्या पोर्तुगीज कानाने टिपलंय. (मेल्यावर इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. बागेत बसून भेळ खाणाऱ्यांनी एवढं माहीत असू द्यावं.)

या धाग्यापुरती महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. इथले वैद्य काय करत ते त्याने लिहिलंय. मिरी आणि जिरं घातलेली तांदळाची पेज पाजायची. पायाला डाग द्यायचे. हातपाय करकचून बांधायचे. डोळ्यांत पिंपळीची पूड टाकायची. जो वाचला त्याच्या घरचे चारही उपायांना हात जोडत असणार, पेजेला जेवढे तेवढेच डागालाही. आज आपल्याला कळतं की त्यातली पेज कामाची होती आणि डाग म्हणजे नुसता छळ. पण रोग्याच्या खाटेजवळ उभं राहून हे कुणालाच सांगता आलं नसतं. ओर्तासारख्या तयारीच्या माणसालाही नाही.

रात्रपाळी

वा! मास्तर, तुम्ही धागा माझ्या आवडत्या ठिकाणी आणून सोडलात. पटकीत माणूस मरतो कशाने, हे कळायला १९५९ उजाडावं लागलं, आणि ते दाखवलं कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी.

१८८४ साली जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कलकत्त्याला आला, जंतू वेगळा काढला, हा काहीतरी विष सोडत असावा असा अंदाजही केला. पुढे पाऊणशे वर्षं लोक ते विष शोधत राहिले, प्राण्यांना टोचत राहिले, आणि खऱ्या पटकीसारखं काही दिसेना. डे यांनी साधी गोष्ट केली. जंतू जिथे राहतो तिथेच बघायचं, म्हणजे आतड्याच्या पोकळीत. ससा गुंगीत ठेवून पोट उघडायचं, लहान आतड्याचा बोटभर तुकडा जागच्या जागी ठेवून दोन्ही टोकांना रेशमी दोरा बांधायचा, त्या बंद पिशवीत सुईने पटकीच्या जंतूंचं पाणी सोडायचं आणि पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर तो तुकडा तट्ट फुगलेला, आत पटकीच्या रोग्याला होतात तसं तांदळाच्या धुवणासारखं पाणी. ही पद्धत १९५३ ची. याच पद्धतीत शेजारचा तुकडा बांधून त्यात जंतूविना द्रावण सोडता येतं, तो रिकामाच राहतो. खांडेपारकर, तुमचा ब्लँक, त्याच सशाच्या पोटात! १९५९ मध्ये डे यांनी जंतू गाळून काढले आणि नुसतं गाळलेलं पाणी सोडलं. तरी तुकडा फुगला. जंतूची गरजच नाही, त्याने सोडलेलं विष पुरतं.

याला महागडं काही लागलं नव्हतं. डे १९८५ ला गेले, हयातीत इथे कुणी फारशी दखल घेतली नाही. बाहेरच्यांनी घेतली, हे आपल्याकडे नेहमीचंच.

ते विष आतड्याच्या पेशीतून क्षार बाहेर ओतायला लावतं, मागोमाग पाणी जातं. पण पेशीचं एक दार त्या विषाने बंद होत नाही. साखर आणि मीठ जोडीने आत येतात ते दार. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली. नुसतं पाणी पाजलं की बाहेर, नुसतं मीठ दिलं की बाहेर, दोन्ही ठरावीक प्रमाणात दिलं की आत, आणि पाणी त्यांच्या मागे. १९६८ ला ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर तोंडाने द्रावण देऊन पाहिलं, शिरेतून लागणारं सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी झालं.

आणि १९७१. बांगलादेशचे निर्वासित, बनगावची छावणी, पटकीची साथ, जमिनीवर ओळीने रुग्ण, सलाईन संपत आलेलं. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात पुड्या भरून घेतल्या. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. पिंपात कालवायचं आणि घरच्यांनीच मगाने पाजायचं. जिथे तीसेक टक्के मरत होते तिथे मृत्यू ३.६ टक्क्यांवर आले. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, गेले २०२२ ला.

डिचोलीचा दामू

डॉक्टरबाई, मला मघाशी झापलंत ना, आता मी विचारतो. बनगावला ब्लँक कुठे होता? निम्म्यांना साधं पाणी थोडंच पाजलं?

खांडेपारकाठ (फोंडा)

दामू, बरोबर पकडलंस. उत्तर असं की आदल्या दिवसांपर्यंत तीच छावणी ब्लँक होती. तेच लोक, तीच साथ, फक्त द्रावण नाही. अशी आधी-नंतरची तुलना कच्ची असते, एरवी मी मानत नाही. पण फरक तिसाचे तीन होण्याएवढा असेल आणि मागे सशाचं आतडं, क्रेनचं दार, ढाक्याचा वॉर्ड उभा असेल, तर चिठ्ठ्या टाकत बसायची गरज नाही. ५९ आणि ३५ मधला फरक ओळखायला मात्र चिठ्ठ्या लागतात. तिवळीचा फरक त्याहून मोठा असेल असं मला वाटत नाही.

जुनें गोंय

मग आपली पेज? तांदळाच्या ओआरएसवर (तोंडाने द्यायच्या अशा द्रावणावर) काम झालंय ना?

रात्रपाळी

झालंय, बांगलादेशात भरपूर. पिष्ट हळूहळू फुटतं, ग्लुकोज थोडं थोडं सुटतं, त्यामुळे द्रावण दाट न होता साखर जास्त पोचते. जुन्या ओआरएसशी तुलना केली तर पटकीत तांदळाच्या द्रावणाने जुलाबाचं पाणी कमी झालं. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने साधं ओआरएसच पातळ केलं, त्यामुळे आता तो फरक फारसा उरला नाही. घरात पुडी नसेल तर मीठ घातलेली पातळ पेज चांगलीच, पण लहान मुलाला पुडीच आणा, आणि पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवा. अर्ध्या पेल्यात अख्खी पुडी कालवणारे पालक दर पावसाळ्यात बघते. आणि दुकानात 'ओआरएस'सारखी दिसणारी गोड फळांची पेयं मिळतात, ती जुलाबात देऊ नका.

बिचोलिनो

एवढं वाचून मला वाटलं कुणीतरी फेणीचं काढेल. पाहुणे आले की बाबा 'पोटाला बरी' म्हणून थेंबभर देतात. तिला ब्लँक म्हणून काय द्यायचं, नारळाचं पाणी?

खांडेपारकाठ (फोंडा)

वासावरून रुग्णाला कळेल, चाचणी बाद. :)

वास्कोकर पुण्यात

माझं दुखणं वेगळं. चार वर्षं रोज सकाळी ती आम्लाची गोळी घेतोय. सुरुवात कशाने झाली आठवतही नाही. सोडली की तिसऱ्या दिवशी छातीत अशी आग की परत घेतो. म्हणजे मला गोळी लागतेच, हे सिद्ध झालं ना?

रात्रपाळी

नाही. यावरचा प्रयोग मला पोटावरच्या सगळ्या प्रयोगांत सगळ्यात चतुर वाटतो. २००९ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी १२० धडधाकट माणसं घेतली. कुणालाही जळजळ नव्हती. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल ही आम्लाची गोळी आणि मग चार आठवडे खोटी गोळी. उरलेल्यांना बाराही आठवडे खोटी गोळीच. खरी गोळी थांबवल्यावर त्या गटातल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर, अपचन सुरू झालं. दुसऱ्या गटात १५ टक्के. आधी ज्यांना काहीच नव्हतं त्यांना गोळी सोडल्यामुळे त्रास झाला. आम्ल दाबून ठेवलं की जठर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवून जास्त तयारीत बसतं, आणि दाब काढला की उसळतं.

तेव्हा तिसऱ्या दिवशीची आग जुन्या दुखण्याची असेल किंवा सोडण्याची. आपल्या डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा, एकाएकी नको. पण ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अन्ननलिकेचं काही निदान झालेलं असेल, तर मनाने सोडूच नका. आणि वजन उतरणं, गिळायला अडकणं, काळी शी, रक्ताची उलटी यातलं काही असेल तर धागा बंद करून दवाखाना गाठा.

माडाची सावली (पेडणे)

मला पहिल्या पोस्टवरच अडकायला झालंय. इरिटेबल बॉवेलवाली मी आहे. तुमचे ५९ टक्के आणि ३५ टक्के वाचून घरचे म्हणतील, बघ, सगळं मनाचंच आहे. बसमध्ये बसण्याआधी दहादा संडासला जाऊन बघावं लागतं, ते मनाचं?

खांडेपारकाठ (फोंडा)

अजिबात नाही, आणि त्या प्रयोगाचा अर्थही तसा नाही. खोट्या गोळीने आराम पडला म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही. मेंदू आणि आतडं यांच्यात मज्जातंतूंची जाड दोरी आहे, त्या दोरीवर दोन्ही बाजूंनी ये-जा असते.

जुनें गोंय

पेडण्याच्या ताईंसाठी गोव्याचाच एक धागा. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ पुतळा आहे, पडलेल्या बाईवर हात पसरून उभा असलेला. तो आबे फारिया, संमोहन करणारा पाद्री, कांदोळीत १७५६ ला जन्मलेला. मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या पंथातले म्हणत, माझ्या अंगातून चुंबकी शक्ती निघते म्हणून समोरचा झोपतो. फारियाने पॅरिसात ठणकावलं की शक्ती माझ्यात काही नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. आता १९८४ मध्ये या. मँचेस्टरचे पीटर व्हॉरवेल यांनी कशालाच दाद न देणारे इरिटेबल बॉवेलचे ३० रुग्ण घेतले. काहींना पोटावर लक्ष देऊन संमोहन, काहींना तेवढाच वेळ बोलून समजावणं आणि वर खोटी गोळी. संमोहनवाल्यांचं दुखणं, फुगणं, संडासाचं तंत्र, सगळंच लक्षणीय सुधारलं. बोलणं-समजावणं हाच तिथे ब्लँक, त्यामुळे 'कुणीतरी आपुलकीने ऐकलं म्हणून बरं वाटलं' ही पळवाटही बंद. तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी हा उपचार रीतसर देतात.

माडाची सावली (पेडणे)

देव बरें करूं, मास्तर. पुतळ्यासमोरून शंभरदा गेले असेन.

शेवंती (म्हापसा)

रात्रपाळी डॉक्टर, रिपोर्ट शोधायला दोन दिवस लागले, सासूबाईंनी तो देवाऱ्याच्या खणात ठेवला होता. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात 'आरयूटी पॉझिटिव्ह' असं आहे. आम्हाला याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही, फक्त आम्लाची गोळी महिनाभर दिली आणि तिखट बंद सांगितलं. आणि हो, गुडघ्यासाठी फार्मसीतून डायक्लोफिनॅक आणतात, हवं तेव्हा घेतात. हे मला आजच कळलं.

रात्रपाळी

हुमणावर अन्याय झाला म्हणायचा. जठराचा तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतूकडे युरिया फोडणारं एन्झाइम असतं, अमोनिया सुटतो, पिवळ्याचं गुलाबी होतं. ती आरयूटी. म्हणजे मार्शलचा जंतू तुमच्या घरी आहे. भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांत तो असतो आणि बहुतेकांना काही करत नाही, पण अल्सर असेल तर घालवायलाच हवा. वर डायक्लोफिनॅक. जठराचं अस्तर ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांच्या जोरावर टिकतं तेच ही गोळी कमी करते. दोन्ही एकत्र म्हणजे दुहेरी मार.

हा रिपोर्ट घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जा. बहुतेक १४ दिवसांचा कोर्स देतील, दोन-तीन अँटिबायोटिक आणि आम्लाची गोळी. आपल्याकडे काही अँटिबायोटिकना हा जंतू सरावलाय, म्हणून शेजारच्या चिठ्ठीवरचं औषध आणू नका आणि चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबूही नका. डायक्लोफिनॅक आजपासून बंद. गुडघ्यासाठी काय घ्यायचं ते त्यांनाच विचारा.

शेवंती (म्हापसा)

उद्याच नेते. कोर्स संपल्यावर जंतू गेला हे कळणार कसं? पुन्हा दुर्बीण म्हटलं तर ते घराबाहेर पडायचे नाहीत.

रात्रपाळी

अल्सर जठरातला असेल तर भरला का ते बघायला तज्ज्ञ एकदा दुर्बीण सांगतील, ती टाळू नका. ड्युओडेनममधला असेल तर सहसा श्वासाची चाचणी पुरते. खूण केलेला युरिया प्यायला देतात, जंतू असेल तर तो फोडतो आणि खूण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडते. अँटिबायोटिक संपल्यावर निदान चार आठवडे थांबा आणि चाचणीआधी आम्लाची गोळी दोन आठवडे बंद असू द्या, नाहीतर जंतू दबलेला असतो आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. गोळी बंद ठेवायची का, ते तज्ज्ञांना विचारूनच. त्या दिवशी अनशापोटी जायचं.

शेवंती (म्हापसा)

चहा चालेल?

रात्रपाळी

चहा नाही. घोटभर पाणीही तिथे विचारून.